डाळिंबाच्या रंगाची साक्ष

डॉक्टर : अण्णा, डाळिंब हे चांगले फळ आहे हे मी कधीही नाकारलेले नाही, माझा आक्षेप आहे तो त्या फळाभोवती आपल्या लोकांनी जी निःशंक श्रद्धा उभी केली आहे तिच्यावर. १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडले तेव्हापासून सातारा-सांगलीचाच काय, पण सीमेपलीकडील कर्नाटकाचाही रोगी या गावाची वाट धरीत आला आहे, आणि त्या रोग्याच्या समाचाराला येणाऱ्या आप्तेष्टांच्या पिशवीत, रोग कोणताही असो, दोन-चार डाळिंबे ठरलेलीच असतात. कशासाठी, असे विचारावे तर शेतकरी, कारकून, शिक्षक आणि वकील यांच्या तोंडून एकच उत्तर येते : रक्त वाढते. दाणा लाल, रस लाल आणि रक्तही लाल, एवढ्या एका साक्षीवर हा निवाडा पिढ्यान्‌पिढ्या कायम झालेला आहे. वस्तुतः हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते काढून पाहिले, तर १०० ग्रॅम डाळिंबात लोह अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी भरते, आणि ज्या बाजरीच्या भाकरीवर तुमचा सारा माणदेश वाढला त्या बाजरीत ते ६ मिलिग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे रक्तक्षीण झालेली एखादी बाळंतीण ताटातली भाकरी बाजूला सारते, आणि तिच्या घरचे लोक त्या दिवसाची मजुरी मोडून तिच्यासाठी डाळिंब आणतात. मग घरातील कोणी तरी वर्तमानपत्र अंथरून, बोटे काळी करून आणि पदरावर डाग पाडून घेऊन ते सोलीत बसते. इतका खर्च, इतके श्रम आणि इतका राडा ज्या लाभासाठी करावयाचा, तो लाभच जर पदरात पडत नसेल, तर हा व्यवहार मला गैरवाजवी वाटतो.

बागायतदार : डॉक्टर, एका चुकीच्या समजुतीचा पुरावा पुढे करून तुम्ही सबंध फळालाच पिंजऱ्यात उभे करीत आहात. लोकांनी डाळिंबाची प्रशंसा चुकीच्या कारणासाठी केली असेल, परंतु त्यामुळे त्याच्या अंगचे खरे गुण रद्दबातल होत नाहीत. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे ४ ग्रॅम तंतू, १० मिलिग्रॅमच्या आसपास ‘क’ जीवनसत्त्व आणि २०० मिलिग्रॅमहून अधिक पोटॅशियम मिळते, ही तुमच्याच शास्त्राची नोंद आहे. चरकाने औषधींचे दहा-दहांचे जे गण बांधले, त्यांपैकी हृदयाला हितकर अशा द्रव्यांत, वांती थांबविणाऱ्या द्रव्यांत आणि श्रम हरण करणाऱ्या द्रव्यांत, अशा तीन ठिकाणी दाडिमाचे नाव आहे. आणि ज्याला ताप येऊन गेला आहे, तोंडाला चव नाही, पाणीसुद्धा पोटात ठरत नाही, अशा माणसाला मूठभर आंबटगोड दाण्यांनी जी हुशारी येते, ती रक्ताच्या तपासणीत दिसली नाही म्हणून खोटी कशी म्हणावी? शिवाय हे फळ आज आपण जसे खातो, तसे ते पूर्वीपासून नव्हते. बी टणक, दाणा फिकट, रस शोषून घ्यावा आणि चोथा थुंकून टाकावा, असाच जुन्या डाळिंबाचा परिपाठ होता. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी आळंदी जातीच्या रोपांतून मऊ बियांचे एक झाड निवडून काढले, तेच पुढे ‘गणेश’ या नावाने साऱ्या दख्खनभर पसरले, आणि तेव्हापासून बी चावून गिळणे सुखाचे झाले. मघाशी सांगितलेल्या तंतूंचा मोठा वाटा या बियांतच असतो. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने १९९४ साली ‘मृदुला’ दिली, २००३ च्या सुमारास ‘आरक्ता’ आणि ‘भगवा’ दिले. २००५ साली सोलापुरास स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने २०१७ साली ‘सोलापूर लाल’ ही जात प्रसृत केली, आणि तिच्या दाण्यांत १०० ग्रॅमला साडेपाच ते सहा मिलिग्रॅम लोह असल्याचे त्या केंद्राने जाहीर केले आहे. तुमच्या बाजरीला ही बरोबरी नव्हे काय?

डॉक्टर : बरोबरी आहे, परंतु तो दाखला पुरता वाचा. त्याच केंद्राने तुलनेसाठी जुन्या जातीचे लोह म्हणून जो आकडा दिला आहे, तो तीन मिलिग्रॅमच्या आसपासचा आहे, आणि हैदराबादचा आकडा अर्ध्याच्याही आत आहे. दोन्ही संस्था सरकारी, दोन्ही आदरणीय, आणि तरीही एकाच फळाच्या बाबतीत त्यांच्या आकड्यांत कित्येक पटींचे अंतर आहे. हे अंतर जोवर कोणी उलगडून दाखवीत नाही, तोवर रक्तक्षयाच्या रोग्याला डाळिंबावर विसंबून राहा असे मी सांगणार नाही. बाजरीतले सगळेच लोह अंगी लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे; पण त्यासाठी भाकरीबरोबरच्या भाजीवर लिंबू पिळावे, हा उपाय डाळिंबाहून पुष्कळ स्वस्त आहे. चरकाचे म्हणाल, तर त्या हृदयहितकर गणात आंबा आहे, बोर आहे, करवंद आहे, महाळुंग आहे. यांपैकी बोर आणि करवंद आमच्या गोरगरिबांची पोरे रानातून फुकट आणून खातात, पण ती घेऊन कोणी इस्पितळात जात नाही. आता राहिले ते नव्या काळाचे स्तोत्र. डाळिंबाच्या रसाने रक्तवाहिन्या निर्मळ होतात, अमुक ग्रंथीचा कर्करोग आटोक्यात येतो, असे ज्या अमेरिकी कंपनीने जाहिरातींतून सांगितले, त्या ‘पॉम वंडरफुल’वर तेथील व्यापार आयोगाने २०१० साली फिर्याद केली, २०१३ साली तिच्याविरुद्ध निकाल दिला, आणि २०१५ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल बव्हंशी उचलून धरला. रक्तदाब किंचित उतरल्याचे काही लहान प्रयोगांत दिसले आहे, हे मी मान्य करतो. पण किंचित उतरणे आणि रोग बरा होणे यांत जे अंतर आहे, ते जाहिरातीत नाहीसे होते. आणि या फळात साखरही आहे. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १३ ग्रॅम साखर जाते. दाणे चावून खाल्ले तर ती सावकाश रक्तात उतरते, परंतु चार फळांचा रस काढून एका पेल्यात गाळून दिला, की तंतू गाळणीत आणि साखर मधुमेह्याच्या पोटात, अशी वाटणी होते. ज्याचे मूत्रपिंड थकले आहे त्याला तर पोटॅशियम मोजून द्यावे लागते, आणि त्याच्याच उशाशी हे लोक श्रद्धेने फळे ठेवून जातात. माझी खरी तक्रार या बेहिशेबी श्रद्धेविरुद्ध आहे.

बागायतदार : श्रद्धेचा हिशेब तुम्ही जरूर मागा, पण मग राड्याचा हिशेबही नीट मांडला पाहिजे, कारण तुम्ही तो फळाच्या नावावर टाकला आहे आणि तो बहुतांशी आपल्या सुरीच्या नावावर आहे. सफरचंद कापावे तसे लोक डाळिंब मधोमध आडवे कापतात, आणि एका घावात पन्नास दाण्यांची चिरफाड करून मग रस उडाला म्हणून कुरकुरतात. या फळाची आतली रचना दुमजली आहे. खाली साधारण तीन आणि वर पाच ते सात कप्पे, आणि त्या प्रत्येकाच्या मध्ये पिवळसर पातळ पडदा असतो. मुकुटाच्या बाजूची चकती तेवढी सालीच्या जाडीइतकी वरवर कापून उचलली, की वरच्या मजल्याचे पडदे चांदणीसारखे उघडे दिसतात. त्या पडद्यांच्या रेषेत सालीवर उभ्या चिरा द्याव्यात, दाण्याला सुरीचे टोक लागू देऊ नये, आणि मग दोन्ही अंगठ्यांनी फळ उकलावे. फाका सुट्या होतात. त्या पाण्याने भरलेल्या पातेल्यात धरून दाणे सोडविले, की दाणे तळाशी बसतात, पडदे वर तरंगतात, आणि एक थेंबही अंगावर उडत नाही. आमच्या आटपाडी भागातील लहान पोरालाही हे येते. मंडईतून फळ घेऊन जाणाऱ्या शहरी गिऱ्हाइकाला मात्र ते कोणी शिकविलेले नसते. ज्या फळाने स्वतःच्या कप्प्यांच्या रेषा सालीवर पुसट उंचवट्यांच्या रूपाने आखून दिल्या आहेत, त्याला राडा करणारे फळ म्हणणे मला पटत नाही. आणि आणखी एक. फळ सोलावयास वेळ लागतो, म्हणून ते सावकाश खाल्ले जाते. तुम्ही ज्या साखरेचे भय दाखविता तिच्यावर याहून चांगला पहारा कोणता?

गृहिणी : अण्णा, तुमची रीत मला ठाऊक आहे आणि ती खरीही आहे, पण पाण्याचे पातेले घेऊन बसणार कोण, हे तुमच्या सांगण्यात कोठेच आले नाही. तुम्ही फळ पिकविता, डॉक्टर त्यातील घटक मोजतात, आणि दोघांच्या मध्ये जी सोलणारी आहे ती कोणाच्याही जमाखर्चात नाही. आमच्या घरात डाळिंब हे नेहमी दुसऱ्यासाठी सोलले जाते. सासऱ्यांचे दात गेले म्हणून त्यांच्यासाठी, मुलाची परीक्षा म्हणून मुलासाठी, गणपतीच्या नैवेद्याला, पाहुण्यांच्या दहीभातावर पेरायला. वाटी भरली की ती उचलली जाते, आणि सोलणारीच्या वाट्याला नखांत शिरलेला काळेपणा आणि सालींचा ढीग तेवढा उरतो. फळ सोलावयास वेळ लागतो म्हणून ते सावकाश खाल्ले जाते, असे तुम्ही म्हणालात. पण सोलून दिलेली वाटी दोन घासांत संपते, सावकाशी सगळी सोलणारीच्या हातात राहते. म्हणून मंडईत हल्ली सोललेल्या दाण्यांच्या पेट्या मिळू लागल्या आहेत, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पैसे थोडे जास्त पडले तरी तेवढा वेळ माझ्या हाती परत येतो. डाळिंब हे आरोग्याचे फळ आहे की नाही हा वाद घालण्याआधी, ते ज्याने-त्याने आपल्या हाताने सोलून खावे, असा दंडक प्रत्येक घराने घालून पाहावा; मग किती जणांची श्रद्धा टिकते ते दिसेल. आणि सालींच्या ढिगाविषयीही मला बोलावयाचे आहे. फळाच्या वजनातला निम्म्याच्या जवळपासचा भाग साल आणि पडदे यांतच जातो. आमच्या वडीलधाऱ्या बायका त्यातले काही फेकीत नसत. साली सावलीत वाळवून बरणीत ठेवायच्या, पोराचे पोट बिघडले की सहाणेवर उगाळून चाटवायची, किंवा तिचा काढा द्यायचा. मीही ते करीत आले आहे. ज्या भागासाठी कोणी पैसे मोजीत नाही, तोच भाग औषधाचा आणि तोच राड्याचाही, याचे उत्तर मला डॉक्टरांकडून हवे आहे.

डॉक्टर : वहिनी, उत्तर असे की, तुमचे निरीक्षण शास्त्राशी तंतोतंत जुळते. डाळिंबाच्या सालीत आणि पडद्यांत टॅनिन नावाची तुरट द्रव्ये भरपूर असतात; आपल्या महाबळेश्वर-कोयनेच्या रानातील हिरड्यात जी असतात, त्यांच्याच जातीची. लोखंडी विळीच्या पात्याला ती लागली की काळा रंग धरतात. हिरडा आणि हिराकस यांची शाई करीत ती याच न्यायाने, आणि डाळिंबाच्या सालीने कापड रंगविणारे रंगारीही याच गुणावर पोट भरीत. तुमच्या नखांतला काळेपणा तो हाच. दाण्याच्या रसाचा डाग निराळा. त्यातील लाल रंग आंबटपणात लाल राहतो आणि साबणाच्या किंवा सोड्याच्या संगतीने निळसर-करडा होऊन बसतो. म्हणून डाग पडताच साबण न लावता थंड पाण्याने धुवावा, लिंबू चोळावे, आणि साबणाची पाळी शेवटी आणावी. परंतु खरी गोष्ट पुढेच आहे. डाळिंबाच्या ज्या द्रव्यांवर आधुनिक संशोधकांनी आशा ठेवली, त्यांतील प्रमुख प्युनिकॅलॅजिन हे याच तुरट कुळातले असून त्याचा साठा दाण्यात थोडा आणि सालीत फार आहे. सबंध फळ सालीसकट यंत्रात दाबून काढलेल्या रसात ते अधिक उतरते, हाताने दाणे पिळून काढलेल्या रसात कमी. तेही पोटात गेल्यावर आतड्यांतील जिवाणूंनी त्याचे रूपांतर केले तरच अंगी लागते, आणि सर्वांच्या आतड्यांत ते जिवाणू सारखे नसतात. तेव्हा ज्याला तंतू हवे असतील त्याने दाणे खावेत, ज्याला ही तुरट द्रव्ये हवी असतील त्याने साल शोधावी, आणि ज्याला लाल रंग हवा असेल त्याला तो दोन्हींकडे फुकट मिळतो; त्याने रक्त वाढत नाही एवढेच.

बागायतदार : रंगाविषयी तुम्ही जे बोलता, ते एका अर्थी माझ्याही वर्मावर बसते, कारण आमचा संसारच त्या रंगावर चालतो. माण, आटपाडी, जत, कवठे महांकाळ, पलीकडे सांगोला हा सगळा मुलूख पर्जन्यछायेतला. मेंढरे, बाजरी आणि दुष्काळी कामे हेच आमचे पूर्वापार दैव होते. व्यंकटेश माडगूळकरांनी जी माणसे साऱ्या महाराष्ट्राला दाखविली, ती याच मातीतली. या मातीत ऊस धरावा एवढे पाणी नव्हते आणि कष्ट वाया जावेत एवढी ती वाईटही नव्हती. मुरमाड, निचऱ्याची, उथळ जमीन डाळिंबाला मानवली, आणि ज्याच्याकडे विहिरीला तासभर पाणी होते त्यानेही चार रोपे लावली. या झाडाचा बहार आपण ठरवू तेव्हा धरता येतो. बाग ताणावर सोडायची, पाणी तोडायचे, पानगळ करून छाटणी करायची, आणि मग खत-पाणी देऊन झाडाला फुलावयास लावायचे. जानेवारीत आंबे बहार, जूनमध्ये मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. ज्या वर्षी तलाव आटले, त्या वर्षी लोकांनी टँकरने पाणी विकत आणून बागा जगविल्या; दागिने मोडून शेततळी खोदली. आता कऱ्हाडाजवळ टेंभूला कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने आमच्या तालुक्यांपर्यंत आणले जाते, तेव्हा कोठे थोडा जीव खाली पडला. परंतु पाणी आले तसे रोगही आले. तेल्या पडला, की पानावर, काडीवर आणि फळावर तेलकट काळे डाग उमटतात, फळ त्या डागावरच तडकते, आणि पंधरवड्यात उभी बाग हातची जाते. मर रोग लागला, की झाड उभ्या उभ्या वाळते आणि त्या जागी दुसरे लावण्याची सोय राहत नाही. पावसाळी हवेत तेल्या अधिक, म्हणून मृग बहार धास्तीचा; उन्हाळ्यात पाणी अपुरे, म्हणून आंबे बहार धास्तीचा; हस्ताचे फळ सर्वांत देखणे, पण ओल्या जमिनीत झाडाला ताण बसत नाही. उन्हाने फळाचा रंग करपू नये म्हणून आमच्या बायकांच्या जुन्या साड्या सबंध बागेवर पांघरल्या जातात. आणि इतके करून आटपाडीच्या सौद्यात कॅरेट ओतले, की व्यापारी पाहतो ते काय? रंग, आकार आणि चकाकी. सालीवर मोहरीएवढा डाग असला तरी दर पडतो, आतला दाणा कितीही निर्दोष असो. लोकांनी दाण्याच्या रंगावरून रक्त ठरविले, व्यापाऱ्याने सालीच्या रंगावरून आमची वर्षाची कमाई ठरविली. ‘भगवा’ आज सर्वत्र का दिसतो? त्याच्या चवीइतकेच त्याच्या जाड, तांबड्या, लांबच्या प्रवासात टिकणाऱ्या सालीमुळे.

डॉक्टर : आणि त्या सालीवर डाग पडू नये म्हणून तुम्ही काय काय फवारता, हे बोलावयाचे राहिले.

बागायतदार : राहिले नाही, मी ते टाळणारही नाही. बोर्डो मिश्रण फवारतो, बुरशीनाशके फवारतो, सुरसा अळीसाठी आणि खोडकिड्यासाठी कीटकनाशके वापरतो. तेल्या हा जिवाणूंचा रोग असल्यामुळे स्ट्रेप्टोमायसिनसारखी, माणसाला देण्यात येणारी प्रतिजैविके बागांवर मारण्याची रीत पडली होती, आणि २०२१ साली केंद्र शासनाने तिला बंदी घालण्याच्या हुकुमाचा मसुदा काढला. जो शेतकरी कर्ज काढून बाग धरतो, त्याच्या डोळ्यांदेखत फळ तडकू लागले, तर तो दुकानदार सांगेल ते औषध उचलतो. त्याला दोष देण्यापूर्वी सौद्यात डागी फळाला किती भाव मिळतो, हे पाहिले पाहिजे. गिऱ्हाइकाने डाग सहन केला असता, तर आम्ही निम्म्या फवारण्या सोडल्या असत्या.

डॉक्टर : गिऱ्हाइकाची जबाबदारी मी कबूल करतो, अण्णा, पण त्यामुळे माझी शंका मिटत नाही, उलट ती नेमकी होते. तुरट औषधी द्रव्य सालीत आहे, आणि फवाराही पहिल्याने सालीवरच बसतो. जो मनुष्य दाणे सोलून खातो तो साल टाकतो, त्याबरोबर फवाऱ्याचा पुष्कळ अंश टाकतो आणि औषधाचाही पुष्कळ अंश टाकतो. जो सालीसकट दाबलेला रस पितो, किंवा वहिनींसारखा साल वाळवून ठेवतो, त्याच्या पोटात दोन्ही जातात. काही औषधे तर आंतरप्रवाही असतात. ती नुसती धुण्याने जात नाहीत. यांपैकी कोणता मार्ग अधिक हिताचा, हे फळ हातात घेऊन, उन्हाकडे धरून, रंग पाहून मला सांगता येणार नाही, तुम्हालाही नाही. काढणीपूर्वी किती दिवस फवारणी बंद ठेवली होती, हे ज्याला ठाऊक आहे तो एकटाच सांगू शकेल.

बागायतदार : ते सांगण्याची तजवीज आहे. युरोपात फळ पाठवावयाचे असेल, तर शेतकऱ्याला आपली बाग नोंदवावी लागते. शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या सरकारी संस्थेने त्यासाठी ‘अनारनेट’ नावाची व्यवस्था केली आहे. कोणत्या गटातले फळ, कोणत्या बागेतले, प्रयोगशाळेत त्यात औषधांचा अंश किती निघाला, याचा माग तेथे लागतो, आणि अंश मर्यादेबाहेर गेला तर माल नामंजूर होतो. माझ्या ओळखीचे कित्येक बागायतदार हे सगळे नियम काटेकोर पाळतात, आणि त्यासाठी होणारा खर्च सोसतात. कारण पलीकडे मागणारा आहे.

गृहिणी : आणि अलीकडे?

बागायतदार : अलीकडे मर्यादा कायद्यात आहेत. दाखला मात्र मंडईत कोणी मागत नाही, म्हणून कोणी देतही नाही.

डॉक्टर : मग मी माझ्या रोग्यांना काय सांगावे? डाळिंब खा म्हणावे तर हा प्रश्न, नको म्हणावे तर एक उत्तम फळ त्यांच्या तोंडचे काढून घेतल्याचा दोष. मी आजवर सांगत आलो तेच सांगेन, की भूक मंदावली असेल, तोंड बेचव झाले असेल, तर दाणे चावून खा. रक्तासाठी बाजरी, पालेभाजी आणि वेळेवर लोहाच्या गोळ्या घ्या. मधुमेह असेल तर रस पिऊ नका. साल औषधी आहे काय, असे कोणी विचारले तर आहे म्हणेन. ती घरात ठेवावी काय, असे विचारले तर मी गप्प राहीन, कारण ज्या सालीचा इतिहास मला ठाऊक नाही, तिची मात्रा मी लिहून देऊ शकत नाही.

बागायतदार : आणि मी तुम्हाला एवढेच सांगेन, डॉक्टर, की माझ्या बागेचा इतिहास मी लिहून द्यायला तयार आहे, पण त्या कागदाची किंमत सौद्यात रंगाच्या किमतीबरोबर धरली गेली पाहिजे. डागी पण निर्धोक फळाला एक दर आणि चकचकीत पण बिनदाखल्याच्या फळाला दुसरा, असे जोवर होत नाही, तोवर मी एकट्याने फवारणी कमी करून माझ्या पोराबाळांना उपाशी ठेवावे, अशी अपेक्षा कोणी करू नये.

गृहिणी : तर मग माझी मागणी मी आटपाडीच्या, सांगलीच्या आणि साताऱ्याच्या बाजार समित्यांकडे करते. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी ज्या फळांचा अंश तपासला जातो, तीच फळे याच तालुक्यांतून आमच्याही मंडईत येतात. सौद्याच्या आवारात दर आठवड्याला काही कॅरेटमधली फळे उचलून तपासावीत, शेवटची फवारणी कोणत्या तारखेला झाली हे शेतकऱ्याकडून लिहून घ्यावे, आणि ते दोन्ही कागद जेथे दराचा फलक लागतो तेथेच, त्याच्या शेजारी लावावेत. सोलण्याचे काम मी करीन, घरातल्या इतरांनाही करावयास लावीन. पण बरणीत साल भरून ठेवण्यापूर्वी तो कागद मला वाचावयास मिळाला पाहिजे.